सरासरी शून्य आणि तिरके ठिपके

ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या नेत्र रुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याने येणाऱ्या प्रत्येकाचा अंतिम नंबर काढायचा आणि निकालांच्या वहीत चढवायचा, हे माझं काम. वही आता संगणकावर गेली आहे, पण आम्ही सगळे अजून तिला वहीच म्हणतो. या प्रकरणात वहीच्या मते निकाल अचूक होता आणि रुग्णाच्या मते नव्हता. वहीचे रकाने मीच आखलेले होते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. काकूंची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

काकूंचं वय 67, राहायला नौपाड्यात. सातवीत असताना चष्मा लागला तो आजवर. संध्याकाळी तलावपाळीला एक चक्कर ठरलेली, आणि रांगोळीचा नाद इतका, की पाडव्याला शोभायात्रेच्या वाटेवर रांगोळ्या काढणाऱ्या बायकांमध्ये त्या दरवर्षी असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. शस्त्रक्रियेआधी समुपदेशनाला बसल्या तेव्हा त्यांनी एकच मागणं मागितलं होतं : "पंचावन्न वर्षं नाकावर हे ओझं वाहिलंय. वाचायला चष्मा लागला तर लागू दे, पण एकदा चष्म्याविना तलावपाळीला फिरायचंय." हे वाक्य केस पेपरवर कुणी लिहून ठेवलं नाही. मला आठवतं, कारण तेव्हा मी तिथेच होते.

डोळ्याची मापं

उजव्या डोळ्याचा जुना नंबर उणे 2.50, त्यावर सिलिंडर (एकाच दिशेत लागणारा जादा नंबर) उणे 1.75, अक्ष (त्या सिलिंडरची दिशा, अंशांत) 90. डोळ्याची लांबी 25.2 मिलिमीटर. सर्वसाधारण प्रौढ डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे हा डोळा चांगलाच लांब. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, बाक उभ्या दिशेत 43.00 डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं, म्हणजे नंबराचं एकक) आणि आडव्या दिशेत 45.00. हा जो 2.00 चा फरक, तोच सिलिंडर नंबराचं मूळ. साधी लेन्स बसवली असती तर मोतीबिंदू गेला असता, पण हा फरक तसाच राहिला असता आणि लांबचं बघायलाही चष्मा लागला असता. म्हणून टॉरिक लेन्स ठरली. या लेन्सची ताकद सगळ्या दिशांना सारखी नसते. ती अशी बसवायची की कॉर्निया जिथे जास्त, तिथे लेन्स कमी. दोघांची बेरीज सगळीकडे सारखी झाली की काम फत्ते. लेन्सच्या कडेला दोन्ही बाजूंना बारीक ठिपके असतात, आणि ते कॉर्नियाच्या जास्त बाकाच्या रेषेवर यायला हवेत. काकूंच्या डोळ्यात ही रेषा 180 अंशांची, म्हणजे सरळ आडवी.

बाकीचं शस्त्रक्रियेचं वर्णन नेहमीचंच आहे. रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर शाईची खूण केली, कारण माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो आणि झोपवून केलेली खूण फसवते. फेको पद्धतीने (अतिध्वनी लहरींनी फोडून) मोतीबिंदू काढला, लेन्स बसवली, ठिपके खुणेवर आणले. काही अडचण आली नाही.

पहिला महिना

पहिल्या दिवशी तक्त्यावर 6/12 (6/6 म्हणजे नीट नजर, खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं). कॉर्नियाला थोडी सूज होती. सातव्या दिवशी 6/9, तेही दोन अक्षरं चुकवून. काकू म्हणाल्या, "तितकं लख्ख नाही दिसत." त्यावर आमच्याकडून उत्तर गेलं की डोळा सेट होतोय, महिना जाऊ द्या. हे उत्तर बहुतेक वेळा खरं ठरतं, म्हणूनच ते तोंडावर तयार असतं.

बत्तिसाव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. नुकतंच नवरात्र संपलं होतं. नंबर निघाला अधिक 0.50, सिलिंडर उणे 1.00, अक्ष 50. चष्म्याविना 6/9, पुन्हा एक-दोन अक्षरं चुकवून. हा नंबर लावला की 6/6.

वहीत तेव्हा तीन रकाने होते : ठरवलेला नंबर, मिळालेला नंबर, दोहोंतला फरक. आणि "मिळालेला नंबर" म्हणजे स्फेरिकल इक्विव्हॅलंट, सरासरी नंबर. तो काढायची रीत सोपी आहे. मूळ नंबरात सिलिंडरचा निम्मा मिळवायचा. अधिक 0.50 आणि उणे 0.50, बेरीज शून्य. ठरवलेला नंबरही शून्यच होता. फरक 0.00. त्या महिन्यात यापेक्षा चांगला आकडा वहीत दुसरा नव्हता.

ही रीत आमच्या घरची नाही. ब्रिटनमध्ये 2009 साली सुचवलेला मापदंड असा आहे : 85 टक्के डोळे ठरवलेल्या नंबराच्या एका डायॉप्टरच्या आत यावेत, आणि 55 टक्के अर्ध्या डायॉप्टरच्या आत. हे मोजमाप सरासरी नंबरावरच होतं. लेन्सची ताकद निवडताना डोळ्याच्या लांबीचं माप चुकलं का, हे त्यातून उत्तम कळतं. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर अडीच-तीन डायॉप्टरचा फटका बसतो, आणि तो सरासरीत लपत नाही. काकूंच्या बाबतीत लांबी बरोबर होती, लेन्सची ताकद बरोबर होती. हा मापदंड ज्या प्रश्नासाठी आहे त्याचं उत्तर त्याने बरोबरच दिलं. मी त्याला दुसराच प्रश्न विचारत होते.

वहीतलं पान

मी "छान आहे काकू" म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून वही काढली. चौकटीची, गणिताची. "तुला तोंडी सांगून कळत नाही म्हणून काढूनच आणलं."

पानाच्या वरच्या अर्ध्यात त्यांनी सात ते सात ठिपक्यांची मांडणी केली होती, गोल, सुबक ठिपक्यांची. खाली तेच ठिपके पुन्हा, पण प्रत्येकाला तिरकी शेपटी : डावीकडे वर, उजवीकडे खाली. सगळ्या शेपट्या एकाच दिशेच्या. "दारात रांगोळी काढली, डावा डोळा झाकला आणि उभं राहून दोन पावलं मागे सरून बघितलं, तर ही अशी दिसते. जवळ वाकलं की नुसतंच फिकट."

मी तो कागद खिडकीच्या उजेडासमोर धरून मागच्या बाजूने बघितला. असं का, ते सांगते. चष्म्याचा अक्ष आम्ही रुग्णाच्या समोर बसून मोजतो, त्यामुळे रुग्णाने काढलेली तिरकी रेष आमच्या बाजूने आरशातल्यासारखी उलटी असते. मागून शेपट्यांवर कोनमापक ठेवला. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान. समोरच्या ट्रायल फ्रेमवर, म्हणजे नंबर काढताना भिंगं लावायच्या चौकटीवर, सिलिंडरची खूण 50 वर होती.

दोन पावलं मागे सरण्यालाही अर्थ होता. साधारण दोन मीटरवरची वस्तू बघायला अर्धा डायॉप्टर जास्त लागतो. काकूंच्या डोळ्यात एका दिशेत अर्धा डायॉप्टर जास्त होता आणि तिच्या काटकोनातल्या दिशेत अर्धा कमी. म्हणजे दोन मीटरवर एक दिशा नेमकी जुळते आणि दुसरी पूर्ण एक डायॉप्टरने चुकते, म्हणून ठिपक्याची रेघ होते. सहा मीटरवरच्या तक्त्यापाशी दोन्ही दिशा जवळपास सारख्याच चुकतात, त्यामुळे अक्षर नुसतं मऊ दिसतं आणि ओळखूही येतं. आमचा तक्ता जिथे टांगलेला आहे तिथून हा दोष सर्वांत कमी दिसतो, आणि काकूंच्या उंबऱ्यात सर्वांत जास्त.

50 कुठून आला?

जुन्या चष्म्यात अक्ष 90 होता. लेन्सने सिलिंडर अर्धाच घालवला असता, तर उरलेला अर्धा त्याच 90 वर सापडायला हवा होता. तो सापडला 50 वर. या एका गोष्टीवरून लेन्स अपुरी पडली की वाकडी बसली, ते कळतं.

सिलिंडरची वजाबाकी आकड्यांनी करायचा मोह सगळ्यांनाच होतो. आधी 2.00, नंतर 1.00, म्हणजे निम्मं काम झालं. पण सिलिंडरला आकाराइतकीच दिशाही असते. दोरी दोन्ही टोकांनी सारख्याच जोराने ओढणारे दोन गडी घ्या. समोरासमोर असतील तर दोरी जागची हलत नाही. त्यातला एक थोडा बाजूला सरकून तेवढ्याच जोराने ओढू लागला, तर दोरी दोघांच्याही दिशेला न जाता तिसरीकडेच जाते. 50 अंश ही ती तिसरी दिशा.

ऑस्ट्रेलियातले नेत्रशल्यचिकित्सक नोएल आल्पिन्स यांनी 1993 साली याचं नेमकं गणित मांडलं. आधी कोन दुप्पट करायचे, कारण सिलिंडरच्या दृष्टीने 0 आणि 180 एकच, आणि दुप्पट केल्यावर कागदावरही ते एकाच ठिकाणी येतात. मग प्रत्येक सिलिंडर म्हणजे आकार आणि दिशा असलेला एक बाण असं धरून बाणांची बेरीज-वजाबाकी. मी त्या दुपारी ते हाताने केलं. किती बदल घडवायचा होता : 2.00. प्रत्यक्षात किती घडला : 2.00. म्हणजे लेन्सने आपली पूर्ण ताकद लावली होती. दोन्ही बाणांच्या दिशेत फरक किती : 15 अंश.

लेन्स एक अंश फिरली की तिच्या परिणामातला साधारण 3.3 टक्के वाटा जातो, हे आम्ही शिकताना पाठ करतो. दहा अंशांत तिसरा हिस्सा जातो. तीस अंशांवर लेन्सचा सिलिंडरपुरता उपयोग शून्य, आणि त्यापुढे ती उलट बिघडवायला लागते. पंधरा अंशांत निम्मा गेला. यातली मेख अशी की लेन्स कितीही फिरली तरी सरासरी नंबर जागचा हलत नाही. ती वीस अंश फिरली असती तरी माझ्या वहीत 0.00 च लागलं असतं.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले. अर्ध्या तासाने काकूंना स्लिट लॅम्पसमोर (प्रकाशाच्या बारीक चिरेत डोळा मोठा करून बघायचं यंत्र) बसवलं, हनुवटी टेकवून, मान सरळ ठेवून. बाहुली मोठी झाल्याशिवाय लेन्सच्या कडेचे ठिपके दिसत नाहीत, आणि पहिल्या महिन्यात ती एकदाही मोठी केली नव्हती. प्रकाशाची चीर हळूहळू फिरवत नेली. दोन्ही बाजूंचे ठिपके तिच्यात एकदम आले तेव्हा मापपट्टीवर 15 होते.

मला त्या क्षणी सुटल्यासारखंही वाटलं आणि वाईटही वाटलं. वाईट सातव्या दिवसाचं वाटलं. टॉरिक लेन्स फिरते ती बहुतेकदा पहिल्या काही तासांत, फार तर पहिल्या काही दिवसांत. नंतर लेन्स ज्यात बसवतात ते पिशवीसारखं आवरण आकसतं आणि तिला धरून ठेवतं. लांब डोळ्यात ते आवरणही ऐसपैस असतं, म्हणून तिथे लेन्स फिरायची भीती जास्त. हे सगळं मला माहीत होतं, 25.2 हा आकडा केस पेपरच्या पहिल्या पानावर होता, आणि काकू सातव्या दिवशी सांगत होत्या.

तक्त्याबद्दल थोडं

पुढे जाण्याआधी 6/9 बद्दल सांगायला हवं. स्नेलेन यांचा तक्ता 1862 चा. त्याच्या वरच्या ओळीत एकच अक्षर, खाली गर्दी, आणि ओळींमधल्या पायऱ्या असमान. "6/9, दोन अक्षरं चुकली" हे लिहिता येतं, पण त्याची बेरीज-सरासरी काढता येत नाही. 1976 मध्ये बेली आणि लव्ही यांनी केलेल्या लॉगमार तक्त्यात प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, प्रत्येक अक्षराला 0.02, प्रत्येक ओळीला 0.1. 6/6 म्हणजे शून्य, 6/12 म्हणजे 0.3, 6/60 म्हणजे 1.0. एकेक अक्षर हिशोबात येतं.

देवनागरी तक्त्यांबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. 'ग' आणि 'क्ष' एकाच मापात छापले म्हणून ते ओळखायला सारखे सोपे होत नाहीत. आणि महिन्यात चार वेळा आलेल्या माणसाला ती ओळ पाठ होते. त्यात लबाडी नसते. आजी-आजोबा मनापासून "पास" व्हायचा प्रयत्न करतात. काकूंना मी त्यांनी कधी न पाहिलेला लॉगमार तक्ता दाखवला. चष्म्याविना 0.24 आलं, म्हणजे 6/9 आणि 6/12 च्या बरोबर मध्ये. पिनहोलमधून, म्हणजे नंबराचा दोष झाकणाऱ्या बारीक छिद्रातून, बघायला लावलं तर 0.02. पडदा, नस, कॉर्निया सगळं ठीक होतं. दोष फक्त नंबरात होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने बघितलं तर काकू तरीही यशस्वीच. परिणामकारक शस्त्रक्रियेची व्याप्ती, म्हणजे गरज असलेल्यांपैकी किती जणांना शस्त्रक्रियेने चांगलं दिसू लागलं, हे मोजताना शस्त्रक्रियेनंतर 6/12 किंवा त्याहून चांगलं दिसणारा डोळा धरतात. 2030 पर्यंत ही व्याप्ती 30 टक्के बिंदूंनी वाढवायची असं उद्दिष्ट 2021 च्या जागतिक आरोग्य सभेने ठरवलं आहे. अख्ख्या देशाचा हिशोब करताना ही रेषा योग्यच आहे. मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या माणसाला 6/12 दिसणं म्हणजे आयुष्य परत मिळणं. पण चष्मा सुटावा म्हणून जादा पैसे मोजून टॉरिक लेन्स घेतलेल्या बाईला तीच रेषा लावून "यशस्वी" म्हणणं मला पटत नाही. तिचं माप तिने काय मागितलं होतं तिथून सुरू व्हायला हवं.

सरांशी बोलणं

त्याच संध्याकाळी मी शस्त्रक्रिया केलेल्या सरांना सगळं दाखवलं : काकूंचं पान, बाणांची आकृती, स्लिट लॅम्पवरचा फोटो. त्यांनी शस्त्रक्रियेचं चित्रीकरण काढलं. शेवटच्या मिनिटात लेन्सचे ठिपके शाईच्या खुणेवर बरोबर आहेत. म्हणजे खूण चुकली नव्हती, लेन्स नंतर फिरली. सरांनी चित्रीकरण मागे नेऊन पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, शस्त्रक्रियेत डोळ्यात भरतात तो जेल लेन्समागून पुरेसा धुतला गेला नसावा. आवरण आणि लेन्स यांच्या मध्ये तो निसरडा पदार्थ राहिला की लेन्स सरकते. मग म्हणाले, "त्यांना उद्याच बोलव. मी स्वतः सांगतो."

काकूंपुढे दोन वाटा होत्या. चष्मा लावायचा, त्याने 6/6 दिसत होतंच. नाहीतर लेन्स फिरवून जागेवर आणायची. सरांनी दोन्ही वाटा सांगितल्या. दुसऱ्या वाटेत डोळा पुन्हा उघडावा लागतो, जंतुसंसर्गाची शक्यता थोडी का होईना पुन्हा येते, हेही सांगितलं, आणि यासाठी शुल्क लागणार नाही हेही. काकूंनी सुनेकडे बघितलं, मग सरांकडे. "डॉक्टर, मी चष्मा घालायला तयार होते. पण हिने कारण सापडवलंय म्हणताय, तर करूनच टाका."

लेन्स फिरवण्याआधी एक गणित करावंच लागतं. ती मूळ ठरवलेल्या जागी नेली तर सर्वांत कमी नंबर उरेल, असं नेहमी नसतं, कारण छेदामुळे कॉर्निया थोडा बदललेला असू शकतो. आजचा नंबर आणि लेन्सची आजची जागा घालून आम्ही ते केलं. उत्तर 180 पासून एका अंशाच्या आत आलं. सदतिसाव्या दिवशी सरांनी लेन्स पंधरा अंश फिरवली आणि या वेळी तिच्या मागे नळी नेऊन जेल नीट धुतला. आवरण लेन्सला धरायला लागलं होतं, त्यामुळे ती सुटायला थोडा वेळ लागला. दहा-बारा दिवस आधी आलो असतो तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणून बाहुली मोठी करून ठिपके पाहिले : 2 अंश. आठवड्याने 2, चार आठवड्यांनीही 2. अंतिम नंबर शून्य, सिलिंडर उणे 0.25. चष्म्याविना लॉगमार 0.04, म्हणजे 6/6 च्या ओळीतली दोन अक्षरं तेवढी चुकली. वहीतला जुना रकाना भरायचा म्हटला तर सरासरी नंबर उणे 0.12. आधी 0.00 होता. आकड्यावर बघाल तर निकाल किंचित बिघडलेला दिसतो.

वहीत काय बदललं

मी मागच्या दोन वर्षांच्या टॉरिक रुग्णांचे केस पेपर काढले. मला फक्त शेवटच्या नंबराचा अक्ष हवा होता. वहीत तो नव्हताच, कारण तसा रकानाच नव्हता. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठ्या केस पेपरला चिकटवलेल्या होत्या, त्यांवर अक्ष छापलेला असतो. पण तो थर्मल कागद. वर्षभर जुन्या चिठ्ठ्या राखाडी झाल्या होत्या, त्यापलीकडच्या कोऱ्या. एका चिठ्ठीवर भिंग धरून मी पाच मिनिटं बसले, 1 आहे की 7 ते ठरेना. ज्यांचे आकडे वाचता आले त्यांतल्या दोघांना फोन करून बोलावलं. एक आजोबा म्हणाले, "आहे जरा पुसट, पण वयच झालं ना आता." त्यांची लेन्स 11 अंश फिरलेली होती. शस्त्रक्रियेला तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ उलटून गेल्यामुळे आवरणाने लेन्स धरून ठेवली असणार. त्यांनी चष्मा करून घेतला.

आता टॉरिक रुग्णांसाठी आम्ही नंबर, सिलिंडर आणि अक्ष हे तिन्ही वेगवेगळे लिहितो, चिठ्ठी आली की लगेच पेनाने. बाणाचं गणित फाइल आपोआप करते : किती बदल हवा होता, किती झाला, दिशा किती चुकली. पहिल्याच दिवशी बाहुली मोठी करून ठिपक्यांचा कोन नोंदतो. त्याला अर्धा-पाऊण तास जास्त जातो, आणि बाहेर खोळंबलेल्या नातेवाइकांची कुरकुर मी ऐकून घेते. चष्म्याविना आणि चष्म्यासह, दोन्ही लॉगमार. तक्ते तीन आहेत, ते आलटूनपालटून लावतो. आणि सुरुवातीला एक लांबट रकाना, त्यात रुग्णाने शस्त्रक्रियेआधी काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत. माझ्या सहकाऱ्यांना तो फाफटपसारा वाटतो. मी तो काढू दिलेला नाही.

काकूंच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मार्गशीर्षात ठरली आहे. तो डोळाही लांब आहे, 25.0, त्यामुळे सर आवरणात आधाराची रिंग बसवण्याचा विचार करत आहेत. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या फराळाचा डबा घेऊन आल्या आणि मोबाइलमध्ये दारातल्या रांगोळीचा फोटो दाखवला. फोटोत सगळ्यांच्याच रांगोळ्या नीट दिसतात, म्हणून मी विचारलं, "आणि मागे सरून बघितलंत?" त्यांनी पिशवीतून तीच चौकटीची वही काढली. नव्या पानावर सात ते सात ठिपके, आणि खाली लिहिलेलं : उजवा डोळा, दोन पावलं मागून, शेपटी नाही. ते पान मी त्यांच्या केस पेपरला टाचून ठेवलं आहे.